माहिती काढणारी बाई

रिठदला एका घरी मी पोहे खाल्ले आणि त्यावरून तिथल्या म्हातारीनं मला जो जाब विचारला, त्याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. पण ते पोहे माझ्यासमोर का आले हे कळायला माझी नोकरी आधी सांगावी लागेल.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सांख्यिकीच्या ऑफिसात मी तात्पुरती अन्वेषक म्हणून लागले होते. अन्वेषक म्हणजे घरोघर, दुकानोदुकान जाऊन प्रश्न विचारायचे आणि उत्तरं लिहून आणायची. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका. साहेब अकोल्याला बसायचे, मी वाशिमात आईबाबांजवळ राहून एस.टी.नं गावं फिरायची. आमच्या घरात पगार आणणारे आधी फक्त बाबा, नगरपालिकेत शिपाई. नंतर मी. आमच्या वस्तीतल्या बायकांमध्ये तर मीच पहिली. सकाळी खांद्याला थैली अडकवून मी निघाले की हातपंपावरच्या बाया भांडं भरायचं थांबून बघायच्या. मला ते आवडायचं. उगाच नाही कशाला म्हणू.

त्याच वर्षी घरात माझ्या लग्नाचं चाललं होतं. स्थळ इंझोरीचं. मुलगा मास्तर, घरची थोडी शेती, नाव ठेवायला जागा नाही. अट एकच होती, मुलीनं नोकरी सोडायची. मुलाचे काका आमच्या ओसरीवर बसून म्हणाले, "आमच्याकडं बाया थैली घेऊन गावोगाव नाही फिरत." बाबांनी मान हलवली. आई आत चहा गाळत होती, तिनंही हलवली असणार. मला नोकरी सोडायची नव्हती. हे मी घरात बोलले नाही. मला कोणी विचारलं नव्हतं, आणि न विचारता आपल्या लग्नाबद्दल तोंड उघडायची पोरींना सवय नव्हती. बाहेर माझं तोंड भरपूर चालायचं. कंडक्टरशी, हॉटेलवाल्याशी, साहेबांशीसुद्धा मी भांडत असे. घरात आले की मुकाट्यानं पीठ मळत असे.

अशात मुंबईहून ऑफिसात नवा हुकूम आला. राज्याच्या उत्पन्नात शेतीचा वाटा किती, गिरण्यांचा किती, दुकानांचा किती, हे दरवर्षी काढत असत. आता कोणाच्या तरी डोक्यात आलं होतं की माहिती पुरवून पोट भरणाऱ्या धंद्यांचा वाटाही मोजून पाहावा. वर्तमानपत्रं विकणारे, छापखाने, वर्गणीची वाचनालयं, लाउडस्पीकरवरून पुकारा करणारे, सगळे त्यात आले. हुकुमात त्याला नाव दिलं होतं 'माहिती सेवा'.

साहेबांनी मला समोर बसवून समजावलं. "धंद्यात वर्षभरात किती आलं ते विचारायचं. त्यातून कागद, शाई, वीज यांना किती गेलं ते वजा करायचं. उरली ती त्या माणसानं राज्याच्या उत्पन्नात घातलेली भर."

"आणि कोणी फुकट माहिती देत असेल तर?"

"तर निरंक."

निरंक म्हणजे काही नाही. साहेब माणूस चांगला, पण हा शब्द त्यांच्या तोंडून फार सहज निघायचा.

आता पोह्यांकडे येते. घोळ केला तो 'माहिती' या शब्दानं. मुंबईत त्याचा काय अर्थ असेल तो असो, आमच्या वऱ्हाडात माहिती काढायला बाहेरगावचं माणूस आलं की ते सोयरिकीसाठीच आलं असं समजतात. पोरगी कशी, घर कसं, कोणाला काही दुखणं नाही ना, बाप पितो का, ही माहिती. माझ्या हे लक्षात यायला हवं होतं, कारण मीही इथलीच. पण ऑफिसात बसून आठवडाभर 'माहिती सेवा, माहिती सेवा' ऐकलं की आपली भाषा आपल्यालाच परकी होते. रिठदला पहिल्या घरासमोर उभी राहून मी ठणठणीत आवाजात म्हणाले, "वाशिमाहून आले. माहिती घ्यायची आहे."

दारातल्या म्हातारीनं पदर डोक्यावर घेतला. "अवो माय! या ना, या. सांगून तं याव. कोणाकडून आल्या?"

"सरकारकडून."

तिला ते कोणाचं तरी आडनाव वाटलं असावं. तिनं मला सतरंजीवर बसवलं, आत काहीतरी कुजबुज झाली, भांडी वाजली, फोडणीचा वास आला. मी सकाळी उपाशीच निघाले होते. थोड्या वेळानं एक पोरगी इस्त्रीची साडी नेसून, मान खाली घालून पोह्यांची बशी घेऊन आली. गावाकडचा पाहुणचार, मला वाटलं. मी खाल्ले. आणखी वाढले, तेही खाल्ले. मग शेतातून पोरीचा बाप घाईघाईनं आला, पाय धुऊन समोर बसला आणि म्हणाला, "थोरलीची काढता का धाकटीची? ही थोरली."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी सगळं समजावून सांगितलं. राज्याचं उत्पन्न, वर्तमानपत्रं, छापखाने. बाप हसायला लागला. पोरगीही हसली, तिनं मान वर केली आणि मला नीट पाहून घेतलं. म्हातारी मात्र हसली नाही.

"म्हंजे सोयरिक नाही?"

"नाही, आजी."

"मंग पोहे कायले खाल्ले?"

मी थैली उचलली.

त्यानंतर मी शब्द बदलून पाहिला. 'विचारपूस' म्हटलं तर लोकांना पोलीस आठवायचे. 'बातमी' म्हटलं तर बाया घाबरून विचारायच्या, कोणाचं काय झालं? शेवटी मी सरळ 'तुमच्या गावात पेपर कोण विकते?' असं विचारायला लागले आणि काम पुढे सरकलं. शिरपूर जैनला देवळाकडे जाणाऱ्या यात्रेकरूंमुळे बसगाड्या बऱ्या होत्या, तिथं एक पेपरवाला सापडला. त्याचे पेपर दुपारच्या बसनं यायचे. मोजकेच यायचे, आणि त्यातला एक चहाच्या हॉटेलात जायचा. तिथं एकजण तो मोठ्यानं वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे, मधेमधे शिव्याही द्यायचे. वाचणाऱ्याला मी विचारलं, तुम्हाला याचं काय मिळतं? तो म्हणाला, "चहा भेटते." हिशेबात पेपर एकच धरायचा. ऐकणारी सगळी मंडळी निरंक.

पण जिथं जाईन तिथं माणसं मला एक गोष्ट हमखास सांगायची. "माहितीचं काम हाय नं? मंग वाशिमात चुडीवाल्या चाचाकडं जा."

चाचांना मी लहानपणापासून ओळखत होते. आमच्या वस्तीपासून जवळच, मशिदीमागच्या गल्लीत त्यांचं घर. काचेच्या बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन ते आजूबाजूची गावं फिरायचे. माझ्या आईचे हात त्यांनीच भरले होते आणि माझेही. माणूस बोलका आणि फार स्वाभिमानी. बांगडी घालताना फुटली तर दोष हाताचा, बांगडीचा कधीच नाही. ते माहिती देतात हे सगळ्यांना ठाऊक होतं, मलाही. पण तो धंदा आहे, राज्याच्या उत्पन्नात मोजण्यासारखा, असं माझ्या मनात आलं नव्हतं. सगळेच सांगताहेत म्हणून एका दुपारी मी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसले. भिंतीवर दोरीत ओवलेल्या बांगड्या टांगल्या होत्या.

मी विचारलं, "चाचा, तुमचा धंदा कशाचा?"

"आंधळी झाली काय वं? चुडीचा."

"आणि माहितीचा?"

"तो धंदा नोहे." ते जरा सरसावून बसले. "आता पाह्य. चुडी भरताना बाईचा हात माह्या हातात असते. उठता येत नाही तिले. मंग ती बोलते. मी काही इचारत नाही. सासूचं सांगते, पोरीचं सांगते. मी साऱ्या जातीच्या घरात जातो. तुमच्यातला माणूस माहिती सांगन तं तो एक तं नात्यातला असते, नाही तं वैऱ्यातला. मी कोणाचाच नाही. म्हणून लोक माह्याकडं येते."

"किती घेता?"

"तौबा! माहितीचे पैसे घेतले तं ते दलाली झाली."

"मग तुम्हाला काय मिळतं?"

"सोयरिक जमली का चुडा माह्याकडून."

"नाही जमली तर?"

"तं नाही."

मी पेन खाली ठेवलं. "म्हणजे चांगलं सांगितलं तर चुडा, वाईट सांगितलं तर काही नाही. मग तुम्ही चांगलंच सांगत असाल सगळ्यांबद्दल."

चाचा भडकले. "ओ बाई! एक डाव खोटं सांगतलं का दुसऱ्या डाव माह्या दारात कोण येईन? खबर आन् माहिती येगळी असते, समजलं काय? खबर सब के लिए. मयताची खबर, बाजाराची खबर, मी मोठ्यानं सांगतो, कोणीबी आयका. माहिती ज्यानं इचारली त्याले, आन् तेवढीच जेवढी इचारली."

मला राग लवकर यायचा, त्यांनाही लवकर यायचा, त्यामुळे आमचं बरं जमलं. चाचींनी चहा आणला. मी बांगड्यांचा हिशेब लिहून घेतला. माहितीच्या जागेपाशी येऊन थांबले. तिथं काय लिहावं ते कळेना.

तेवढ्यात चाचा बशीत चहा ओतत म्हणाले, "इंझोरीवाले येऊन गेले."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. "कशाला?"

"कायले म्हंजे? तुयी माहिती इचाराले. मी म्हनलं, बाजाराच्या दिवशी या. समदं ठाऊक हाय मले तुयं. लहानपणी पडली तेबी ठाऊक हाय. एक ठाऊक नाही. ते इचारतीन म्हणून तुलेच इचारतो. नोकरी सोडशीन का?"

महिनोन्‌महिने मी तालुकाभर लोकांना प्रश्न विचारत हिंडत होते. मला कोणी प्रश्न विचारला तो हा. बाबांनी विचारला नाही, आईनं नाही, मुलाच्या काकांनी तर नाहीच. मला एकदम रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला.

"नाही," मी म्हणाले. "नाही सोडत."

"बस झालं," चाचा म्हणाले आणि बशी तोंडाला लावली.

त्यांना सांगा असं मी म्हटलं नाही. सांगू नका असंही म्हटलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी कागद घेऊन अकोल्याला गेले. साहेबांनी चाचांचं पान वाचलं आणि चष्मा काढला. "हा बांगडीवाला इथं कसा आला?"

"माहितीवर त्याच्या बांगड्या विकल्या जातात, साहेब."

"मग मला सांग, एका चुड्यात माहिती किती आणि बांगडी किती?"

मी विचार केला. खरंच केला. नाही सांगता आलं. साहेबांनी चाचांना 'किरकोळ व्यापार, बांगड्या' मध्ये टाकलं आणि माहितीपुढे निरंक लिहिलं. त्यांची चूक होती असं मी अजूनही म्हणत नाही. मोजायचं म्हटलं की कुठेतरी रेघ ओढावीच लागते.

परत येताना बसमध्ये मी माझाच हिशेब मांडून बघितला. मी नोकरी सोडून इंझोरीला गेले, तर राज्याच्या उत्पन्नातून एका तात्पुरत्या अन्वेषकाचा पगार कमी होईल. इंझोरीला मी भाकरी थापीन, शेतात डबा नेईन, दिवसभर राबेन, आणि ते कुठेच येणार नाही. आई जन्मभर राबली ती या हिशेबात कधी आलीच नव्हती. मला हे चांगलं ठाऊक होतं, कारण 'घरकाम करणाऱ्या बायका लिहायच्या नाहीत' ही सूचना मीच घरोघर पाळत होते.

मग इंझोरीहून निरोप आला. मुलगी चांगली आहे, घर चांगलं आहे, पण जमायचं नाही. निरोप आणणाऱ्या नातेवाइकानं जाता जाता सांगितलं की त्यांनी चुडीवाल्याकडं चौकशी केली होती. आई पदर डोळ्यांना लावून चुलीपाशी बसली. बाबा काही वेळ ओसरीत फेऱ्या घालत राहिले. मग त्यांनी टोपी घातली आणि मला म्हणाले, "चाल."

"कुठं?"

"चाल म्हनलं नं."

चाचा ओसरीवरच होते. बाबा पायरी चढले नाहीत. खालूनच म्हणाले, "तुमी माह्या पोरीचं लगन मोडलं."

चाचा उठून उभे राहिले. "मी खोटं काय सांगतलं ते बोला. खोटं असन तं उद्यापासून पेटी उचलत नाही."

"काय सांगतलं?"

"त्याइनं इचारलं, पोरगी कशी. मी म्हनलं, चांगली. रागीट हाय का. म्हनलं, हाय. घरचं काम येते का. म्हनलं, येते. नोकरी सोडन का. म्हनलं, नाही सोडणार."

"हे तुमाले कोण सांगतलं?"

चाचांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. शेजारच्या बांगड्या उगाच नीट करत म्हणाले, "कोण सांगतलं हे मी सांगत नसतो. इतक्या सालांत कोणाले सांगतलं नाही."

बाबांचा आवाज चढला. "म्हंजे मनानंच सांगतलं! माह्या पोरीच्या मनातलं तुमाले काय ठाऊक? गल्लीतल्या बायांच्या गोष्टी आयकायच्या आन् लोकायची लग्नं मोडायची!"

गल्लीतले लोक दारात आले. चाचींनी आतून डोकावून पाहिलं. चाचांचा चेहरा पडला होता. त्यांच्या माहितीला खोटं म्हणणं म्हणजे त्यांची पेटी रस्त्यात फेकण्यासारखं होतं, आणि एका शब्दानं त्यांना सुटता आलं असतं. ते तो शब्द बोलले नाहीत.

"मी सांगतलं, बाबा," मी म्हणाले.

बाबा वळले. "तू?"

"हो. मी नाही सोडत नोकरी."

बाबांनी मला कधी मारलं नव्हतं, पण त्या क्षणी मारतील असं वाटलं. त्यांनी काही केलं नाही. पायरीवर बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "चुडीवाल्याले सांगतलं आन् मले नाही?"

"त्यायनं इचारलं, बाबा."

ते ऐकून बाबांनी मान खाली घातली. माझ्यावर रागावले असते तर सोपं गेलं असतं. चाचींनी पाणी आणलं, ते बाबा प्यायले. उठताना चाचांना एवढंच म्हणाले, "बोललो ते मनात ठेवू नका." घरी येताना ते पुढे चालत होते आणि मी मागे.

पुढे बरेच दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. मी सकाळी निघायची, संध्याकाळी यायची, जेवण व्हायचं. आई मधल्यामध्ये कावून जायची आणि भांडी आपटायची. माहितीचे कागद मुंबईला गेले. त्यांचं पुढे काय झालं, आकडा निघाला का, निघाला तर किती, मला कोणी कळवलं नाही आणि मीही विचारलं नाही. आम्हाला दुसरं काम मिळालं, गुरं मोजायचं.

मग पावसाळा सरल्यावर रिसोडकडचे पाहुणे आले. सकाळची वेळ होती, माझी कामावर निघायची तयारी चालली होती. दोन पुरुष आणि एक पोक्त बाई. आईनं मला डोळ्यांनी खुणावलं, थैली आत ठेव. मी ठेवायला वळले. पाहुणे अजून टेकलेही नव्हते, तोच बाबांनी ओसरीतून मोठ्यानं सांगितलं, आत आम्हाला आणि बाहेर शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल इतकं मोठ्यानं.

"बसायच्या आंधी आयकून घ्या. पोरगी नोकरी करते. लग्न झाल्यावरबी करन. चालत असन तं बसा, नाही तं चहा घ्या आन् या."

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग त्यांनी चहा घेतला, पान घेतलं, गावाकडचे चार शब्द बोलले आणि ते गेले.

बाबा कपबशा उचलत आत आले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "उभी काय राह्यली? आवर. शिरपूरची बस निघून जाईन."